वारस आणि जानशीन : झाशीच्या तहातील दोन शब्द

इंग्रजीतील ‘एअर’ आणि ‘सक्सेसर’ हे दोन शब्द मराठीत आणताना भाषांतरकार बहुधा एकाच शब्दावर भागवतो. एकदा ‘वारस’ म्हणावे, दुसऱ्यांदा ‘वारसदार’ म्हणावे, किंवा दोहोंचा मिळून ‘वारस व उत्तराधिकारी’ असा जोडशब्द करावा आणि पुढच्या वाक्याकडे वळावे, ही रूढ वहिवाट आहे. वाचकालाही त्यात काही उणे भासत नाही. बापाची मालमत्ता ज्याच्याकडे जाते तो वारस आणि बापाच्या जागी जो बसतो तोही वारसच, अशी आपली व्यवहारातील समजूत असते. परंतु शब्दांतील हा अल्प भेद ज्या ठिकाणी एका संस्थानाच्या जीवितमरणाचा प्रश्न होऊन बसला, असे एक स्थळ मराठ्यांच्या इतिहासात आहे. ते स्थळ म्हणजे झाशी. १८१७ च्या तहात हे दोन शब्द एकमेकांशेजारी घातले गेले. १८५४ मध्ये एका बाजूने त्यांचा अर्थ दोन आहे असे प्रतिपादन केले, दुसऱ्या बाजूने तो एकच मानला. आणि अर्थाचा निवाडा ज्याच्या हाती सत्ता त्याने केला. ह्या वादाचा राजकीय इतिहास पुष्कळदा लिहिला गेला आहे. त्याचा शाब्दिक इतिहास मात्र स्वतंत्रपणे पाहण्याजोगा आहे.

प्रथम मूळ इंग्रजी शब्दांचाच विचार करू. दोन्ही शब्द लॅटिन कुळातले, परंतु त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. ‘एअर’ हा ‘हेरेस’ ह्या शब्दापासून आला. त्यातला हकार लिहिण्यापुरता उरला आहे, उच्चारात नाही. ‘सक्सेसर’ हा मागून येणे, एखाद्याच्या पाठोपाठ त्या जागी येणे, ह्या अर्थाच्या क्रियापदापासून झाला. म्हणजे पहिला शब्द व्यक्तीकडे पाहतो, दुसरा जागेकडे. पहिल्याला नाते लागते, दुसऱ्याला रिकामे झालेले आसन पुरे होते. इंग्लंडच्या कायद्याने हा भेद फार काटेकोरपणे जपला होता. जमीन एखाद्या मनुष्याला कायमची द्यावयाची झाल्यास दस्तऐवजात ‘त्याला व त्याच्या वारसांना’ असे लिहावे लागे. तीच जमीन एखाद्या बिशपला त्याच्या पदामुळे द्यावयाची असेल तर ‘त्याला व त्याच्या सक्सेसरांना’ असे लिहावे लागे. बिशपचा वारस त्याचा पुतण्या असू शकेल. परंतु त्याच्या पीठावर बसणारा पुढचा बिशप त्याच्या रक्ताचा असण्याचे कारण नव्हते. राजाच्या बाबतीत मात्र दोन्ही शब्द एकत्र येत, कारण राजा हा देहधारी मनुष्यही असतो आणि न मरणारे एक पदही असते.

हा भेद केवळ वकिलांच्या लेखणीतला नव्हता. इंग्लंडच्या स्वतःच्या सिंहासनाने तो अनुभवला होता. १७०१ च्या कायद्याने राज्यारोहणाचा क्रम प्रॉटेस्टंट शाखेकडे वळवला आणि १७१४ मध्ये राणी ॲन निवर्तल्यावर हॅनोव्हरचा जॉर्ज गादीवर आला. रक्ताच्या जवळिकीने पाहिल्यास त्याच्या आधी हक्क सांगू शकतील असे कॅथॉलिक आप्त पन्नासांहून अधिक होते. म्हणजे निकटतम वारस एक आणि सक्सेसर दुसराच, ही स्थिती इंग्रजांनी आपल्या घरी विचारपूर्वक निर्माण केली होती. ज्या राष्ट्राने ही गोष्ट केली, त्याला ह्या दोन शब्दांतील अंतर ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

तथापि एक गोष्ट इंग्लंडला ठाऊक नव्हती, आणि ती प्रस्तुत विषयात निर्णायक आहे. इंग्लंडच्या कायद्यात दत्तक नावाची संस्थाच नव्हती. रोमन लोकांत दत्तकपुत्र हा पूर्ण अर्थाने वारस होता. ज्यूलियस सीझरने मृत्युपत्राने पुत्र मानलेला ऑक्टेव्हियन पुढे ऑगस्टस झाला. परंतु लॅटिन शब्द घेणाऱ्या इंग्लंडने ही लॅटिन संस्था घेतली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये दत्तकाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९२६ मध्ये. त्यापूर्वी इंग्रज माणसाच्या मनात ‘एअर’ म्हटले की जन्माने ठरलेला वारसच उभा राहणार. मनुष्य वारस करू शकत नाही, तो ईश्वरच करतो, ही त्या कायद्याची जुनी धारणा होती. अशा भाषेत लिहिलेला शब्द दत्तकावर अधिष्ठित असलेल्या समाजाशी तह करताना वापरला गेला, तेव्हा वादाचे बीज पडलेच होते.

झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील कोट गावचे. पेशव्यांच्या वतीने बुंदेलखंडातील हा मुलूख सांभाळणारे ते सुभेदार. रघुनाथ हरी आणि त्यांच्यामागून त्यांचे बंधू शिवरावभाऊ ह्यांनी तेथे आपला अंमल दृढ केला. १८०४ मध्ये शिवरावभाऊंनी कंपनीशी करार केला. जून १८१७ मध्ये पुण्याच्या तहाने पेशव्याने बुंदेलखंडावरील आपले हक्क कंपनीकडे सोडले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने शिवरावभाऊंचे नातू रामचंद्रराव ह्यांच्याशी नवा तह केला. रामचंद्रराव तेव्हा अल्पवयी होते. ह्या तहाच्या दुसऱ्या कलमाने रामचंद्रराव, त्यांचे ‘एअर’ आणि त्यांचे ‘सक्सेसर’ हे त्या मुलुखाचे वंशपरंपरागत राज्यकर्ते म्हणून मान्य करण्यात आले. १८३२ मध्ये रामचंद्ररावांना महाराजाधिराज हा किताबही मिळाला.

कंपनीचे त्या काळचे राजकीय व्यवहार फारसीतून चालत. तहाला इंग्रजी अंग होते तसे फारसी अंगही होते, आणि झाशीच्या दरबाराने जे वाचले ते फारसी. त्या मजकुरात ‘एअर्स’च्या जागी ‘वारिसान’ आणि ‘सक्सेसर्स’च्या जागी ‘जानशीनान’ हे शब्द होते. भाषांतर म्हणून पाहिले तर ही निवड अचूक आहे. किंबहुना मूळ इंग्रजीपेक्षा ती अधिक बोलकी आहे. ‘वारिस’ हा शब्द अरबी. त्याच धातूपासून ‘मिरास’ झाला, आणि मराठीने दोन्ही आपलेसे केले. मिरासदार म्हणजे वडिलोपार्जित हक्काचा धनी. ‘जानशीन’ हा शब्द शुद्ध फारसी; ‘जा’ म्हणजे जागा आणि ‘नशीन’ म्हणजे बसणारा. दुसऱ्याच्या जागी बसणारा तो जानशीन. आपल्या भाषेत ‘गादीवर बसणे’ हा जो प्रयोग आहे, त्याची जात हीच. पहिल्या शब्दात रक्ताचा ओघ आहे, दुसऱ्यात बैठक आहे.

येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. ‘वारिस’ हा शब्द ज्या धर्मशास्त्रातून आला त्या इस्लामी कायद्यातही, इंग्लंडप्रमाणेच, दत्तकाने वारसाहक्क निर्माण होत नाही. वारिस हा नात्याने ठरतो आणि त्याचा हिस्साही नेमून दिलेला असतो. म्हणून फारसीनविसाच्या दृष्टीने दत्तकपुत्राला ‘वारिस’ म्हणणे ओढाताणीचे होते. त्याला ‘जानशीन’ म्हणणे मात्र अगदी स्वाभाविक होते.

संस्कृत धर्मशास्त्राची विभागणी ह्याहून निराळी. तेथे ‘दाय’ म्हणजे वाटून मिळणारे धन आणि ते घेणारा तो ‘दायाद’. मनुस्मृतीने बारा प्रकारचे पुत्र सांगितले आणि त्यांचे दोन वर्ग केले. पहिल्या सहांना दायाद आणि बांधव ह्या दोन्ही पदव्या दिल्या. दुसऱ्या सहांना केवळ बांधव म्हटले. दत्तकाची गणना पहिल्या वर्गात आहे. अर्थात् दत्तक हा धर्मशास्त्राच्या दृष्टीने वारसाला पर्याय नसून स्वतःच वारस आहे. विधी झाला की तो पुत्रच. नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ आणि नंदपंडितांची ‘दत्तकमीमांसा’ हे ग्रंथ ह्या विधीची चर्चा करतात, आणि १८२७ पर्यंत ह्या दोन्हींची इंग्रजी भाषांतरे झालेली होती. कंपनीच्या अधिकाऱ्यांना हा विचार अज्ञात होता असे नाही. मराठी सनदांची भाषाही ह्याच समजुतीवर उभी होती. ‘पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने’ हा आपल्या सनदांचा ठराविक पाठ. त्यातल्या ‘पुत्र’ शब्दात दत्तक येतो की नाही, असा प्रश्न लिहिणाऱ्याला वा वाचणाऱ्याला पडत नसे.

ह्याप्रमाणे एका कलमाभोवती तीन व्यवस्था उभ्या होत्या. इंग्रजीत दत्तक ‘एअर’ नाही आणि तो ‘सक्सेसर’ आहे की नाही हे अनिश्चित. फारसीत तो ‘वारिस’ नाही, पण ‘जानशीन’ होऊ शकतो. संस्कृत-मराठीत तो दोन्ही आहे. १८१७ मध्ये ह्या तिहींचा मेळ घालण्याची कोणाला आवश्यकता वाटली नाही. भाषांतर गुळगुळीत झाले, सह्याशिक्के झाले आणि कागद दप्तरात गेला.

पहिला प्रसंग १८३५ मध्ये आला. रामचंद्रराव निपुत्रिक वारले. त्यांनी कृष्णराव नावाच्या मुलास दत्तक घेतले होते असे सांगण्यात आले. परंतु त्या दत्तविधानाच्या वैधतेविषयीच वाद होता. कंपनीने रामचंद्ररावांचे चुलते रघुनाथराव ह्यांना गादीवर बसवले, आणि १८३८ मध्ये तेही वारल्यावर चौकशीअंती त्यांचे बंधू गंगाधरराव ह्यांचा हक्क मान्य केला. दुसरा प्रसंग १८५३ चा. गंगाधररावांना झालेला मुलगा तान्हेपणीच गेला होता. मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, त्यांनी नेवाळकरांच्याच पारोळे शाखेतील वासुदेवरावांचा पाच वर्षांचा मुलगा आनंदराव ह्यास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. राजकीय अधिकारी मेजर एलिस आणि लष्करी अधिकारी कॅप्टन मार्टिन ह्यांना बोलावून घेऊन राजाने मुलगा त्यांच्या साक्षीने पुढे केला. दुसऱ्या दिवशी राजा निवर्तला.

फेब्रुवारी १८५४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी ह्यांना जो खलिता पाठवला, त्यात हा शब्दविचार स्पष्टपणे मांडला आहे. त्याचा आशय असा : तहातील ‘वारिसान’ हा शब्द औरस आणि भाऊबंदकीतील वारसांना उद्देशून आहे, ‘जानशीनान’ हा शब्द, असे वारस नसतील तेव्हा, दत्तक घेऊन गादीचा धनी केलेल्यास उद्देशून आहे. तह हा काही घाईने लिहिलेला कागद नव्हे. त्यातील प्रत्येक शब्द पारखून घेतला जातो. तेव्हा पहिल्या शब्दाहून भिन्न असा दुसरा शब्द तेथे अर्थाचा विचार न करता घातला गेला असे मानता येणार नाही. ह्या युक्तिवादाला जोड म्हणून राणींनी शेजारच्या दतिया, जालौन आणि ओर्छा ह्या संस्थानांत कंपनीने मान्य केलेल्या दत्तकांचे दाखले दिले. ओर्छ्याचा आणि झाशीचा तह ह्यांच्या शब्दयोजनेत भेद करण्यास जागा नाही, असे मेजर एलिस ह्यांचेही मत पडले होते.

खलिता फारसीत उतरवणारा हात दरबारातील कोणा जाणत्या मुनशीचा असणार. परंतु युक्तिवादाची जात ओळखू येण्यासारखी आहे. एकाच वाक्यातील दोन पदे निरर्थक मानू नयेत. शक्य असेल तोवर प्रत्येकास स्वतंत्र अर्थ द्यावा, हा मीमांसेतला नियम आहे. इंग्लंडच्या न्यायालयांतही दस्तऐवजाचा अर्थ लावताना हेच तत्त्व मानले जाई. म्हणजे राणींनी मागितले ते दयादान नव्हते. वाचनाचा उभयपक्षी मान्य असा एक नियम त्यांनी पुढे केला होता.

ह्या युक्तिवादाचे दुबळे अंगही पाहिले पाहिजे. पहिले असे की, ‘जानशीन’ म्हणजे दत्तकच, हा अर्थ फारसीत रूढ नाही. जानशीन हा कोणीही असू शकतो : औरस मुलगा, भाऊ, शिष्य, नेमलेला अधिकारी. राणींनी सामान्य शब्दाला विशेष अर्थ दिला. दुसरे असे की, इंग्रजी दस्तऐवजांना जोडशब्दांचे व्यसन आहे. एकच गोष्ट दोन नावांनी सांगितल्याखेरीज इंग्रज वकिलाचे समाधान होत नाही. मृत्युपत्राला सुद्धा तो दोन नावे देतो. तेव्हा ‘एअर व सक्सेसर’ ही जोडी विचारपूर्वक घातलेली नसून लेखणीच्या सवयीने पडलेली असणे शक्य आहे. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी १८१९ मध्ये झालेल्या तहातही हीच जोडी आढळते, ही गोष्ट सवयीच्या बाजूनेच साक्ष देते.

परंतु हे दोन्ही आक्षेप मान्य केले तरी निष्कर्ष सरकारच्या बाजूचा निघत नाही. ‘जानशीन’ हा शब्द व्यापक आहे असे म्हटले, तर त्या व्यापक अर्थात दत्तक आपोआप येतो. त्याला वगळण्यासाठी वेगळा शब्द हवा होता आणि तो तहात नाही. जोडी केवळ सवयीची आहे असे म्हटले, तर तिच्यातून ‘केवळ औरस’ हा संकुचित अर्थ काढण्याचा अधिकारही नाहीसा होतो. राणींची व्याख्या आवश्यकतेपेक्षा अरुंद होती. सरकारची व्याख्या शब्दांतच नव्हती.

१८३५ चा दाखलाही ह्या दृष्टीने तपासता येतो. त्या वेळी दत्तक बाजूला सारून चुलत्यास गादी दिली गेली, म्हणून झाशीत दत्तक मान्य नाही हे सिद्ध झाले, असे सरकारपक्षाचे म्हणणे. परंतु राणींच्या व्याख्येत एक अट होती : औरस अथवा भाऊबंदकीतील वारस नसेल तरच जानशीन. रघुनाथराव हे शिवरावभाऊंचे प्रत्यक्ष पुत्र होते. वारिस हयात असता जानशीनाचा प्रश्न उद्भवतच नाही. म्हणजे १८३५ चा निर्णय राणींच्या अर्थाला बाधक न ठरता त्याच्याशी जुळतो. खलित्यातली ही अट हेतुपूर्वक घातली होती की सहज आली, हे सांगता येत नसले तरी तिने युक्तिवादाला बळ दिले ह्यात शंका नाही.

डलहौसी ह्यांचे २७ फेब्रुवारी १८५४ चे टिपण ह्या शब्दचर्चेच्या खोलात शिरले नाही. त्यांना शब्दांची मीमांसा नवी होती असे नव्हे. १८४८ मध्ये सातारचे शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज दत्तक घेऊन निवर्तले, तेव्हा हाच प्रश्न उठला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांनी दत्तक मान्य करावा असे मत दिले. हिंदू राजाशी केलेल्या तहातील शब्द हिंदू राजाच्या रिवाजाप्रमाणे वाचावेत, असा त्यांचा रोख होता. त्यांच्या मंडळातील विलोबी ह्यांनी उलट मत दिले. डलहौसी ह्यांनी विलोबींचा पक्ष उचलला आणि ‘एअर व सक्सेसर’ ह्यांचा ‘साधा’ अर्थ औरस वारसांपुरता ठरवला. झाशीच्या वेळी त्यांनी दुसरी वाट धरली. सर चार्ल्स मेटकाफ ह्यांनी १८३७ मध्ये सार्वभौम हिंदू राजे आणि वरिष्ठ सत्तेकडून मुलूख मिळालेले सरदार असा भेद केला होता; पहिल्यांचा दत्तक मान्य करावा, दुसऱ्यांच्या बाबतीत देणाऱ्या सत्तेला मुलूख परत घेण्याचा हक्क आहे, असे त्याचे सार. झाशीचा राजा हा मूळचा पेशव्याचा सुभेदार. पेशव्याचे हक्क कंपनीकडे आलेले. ज्यांच्याशी कंपनीचा संबंध आला त्या राज्यकर्त्यांपैकी कोणाचा औरस पुरुषवारस उरलेला नाही. म्हणून संस्थान कंपनीकडे आले. येथे शब्दाचा अर्थ विचारला गेला नाही. शब्द ज्याला दिला त्याचा दर्जा विचारला गेला. कलम काय म्हणते हा प्रश्न बाजूस सरून, कलम ज्याच्याशी केले तो कोण होता हा प्रश्न पुढे आला. लंडनच्या संचालक मंडळाने हा निर्णय कायम केला.

ह्यानंतर जे घडले ते शब्दांच्या इतिहासात विलक्षणच म्हटले पाहिजे. राणींना दरमहा ५,००० रुपयांचे निवृत्तिवेतन ठरले आणि शहरातला वाडा राहण्यास मिळाला. राजाची खाजगी मालमत्ता राणींना द्यावी अशी शिफारस खालून गेली होती. ती डलहौसी ह्यांनी दुरुस्त केली. त्यांचे म्हणणे असे की, दत्तकामुळे राज्य मिळत नसले तरी हिंदू कायद्याप्रमाणे खाजगी धन मात्र दत्तकपुत्राचेच होते. ते दुसऱ्यास देण्याचा सरकारला अधिकार नाही. म्हणजे दामोदरराव हे गंगाधररावांचे वारस आहेत हे सरकारने आपण होऊन मान्य केले. ते त्यांचे उत्तराधिकारी आहेत एवढेच नाकारले. राणी म्हणत होत्या की दत्तक हा वारिस नसला तरी जानशीन आहे; सरकारने उत्तर दिले की तो वारिस आहे, जानशीन नाही. ज्या दोन शब्दांचा अर्थ साताऱ्याला एक मानला होता, ते झाशीला एका पाच वर्षांच्या मुलाच्या दोन बाजूंना दोन होऊन उभे राहिले. शब्दभेद सरकारला अमान्य नव्हता. तो कोणत्या बाजूने वापरावयाचा, एवढाच प्रश्न होता.

मराठी इतिहासलेखनाने ह्या प्रकरणाचे जे शब्द रूढ केले, त्यांचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. कंपनीच्या परिभाषेत ह्या क्रियेला ‘लॅप्स’ म्हणत. त्या शब्दाचा मूळ भाव निसटणे, गळून पडणे असा आहे. हक्क आपोआप गळून पडला. कोणी घेतला नाही. ‘ॲनेक्सेशन’ हा शब्द निराळा. त्यात जोडून घेणारा कर्ता दिसतो. मराठीने दोहोंसाठी ‘खालसा’ हा एकच शब्द वापरला. ‘खालसा’ म्हणजे सरकारी मुलूख. ‘खालसा करणे’ म्हटले की करणारा आलाच. संस्थान ‘खालसा केले’, असे आपण म्हणतो. ‘गळून पडले’ असे म्हणत नाही. येथे भाषांतर शिथिल झाले खरे, परंतु त्या शिथिलतेतच एक निवाडा आहे. इंग्रजी शब्दाने जो कर्ता झाकला तो मराठी शब्दाने उघडा केला. दत्तात्रेय बळवंत पारसनीस ह्यांनी १८९४ मध्ये राणींचे चरित्र मराठीत सविस्तर लिहिले. विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी प्रसिद्ध केला. पहिला ग्रंथ इतिहासकाराचा, दुसरा प्रत्यक्षदर्शी भिक्षुकाचा. झाशीची हकीकत मराठी वाचकाच्या मनात रुजली ती मुख्यतः ह्या दोन ग्रंथांमुळे.

१८५७ च्या जूनमध्ये झाशीत उठाव झाला. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौजांनी शहर घेतले. जूनमध्ये ग्वाल्हेरनजीक राणी पडल्या. १ नोव्हेंबर १८५८ च्या जाहीरनाम्याने संस्थानिकांशी झालेले तह पाळण्याचे वचन दिले. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंग ह्यांनी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. हिंदू राजांना दिलेल्या त्या सनदांची शब्दयोजना लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. औरस ‘एअर’ नसतील तर हिंदू कायद्याप्रमाणे व कुळाचाराप्रमाणे ‘सक्सेसर’ दत्तक घेतल्यास तो मान्य केला जाईल, असा तिचा आशय. औरस असेल त्याला ‘एअर’ म्हटले आहे; दत्तक घेतला जाईल त्याला ‘सक्सेसर’ म्हटले आहे. आठ वर्षांपूर्वी झाशीच्या खलित्याने ह्या दोन शब्दांचा जो अर्थ सांगितला होता, तो जवळजवळ तसाच आता साम्राज्याच्या सनदेत उतरला. मुसलमान संस्थानिकांच्या सनदेत दत्तकाचा उल्लेख नाही. तेथे त्यांच्या कायद्याप्रमाणे योग्य ठरेल तो वारसाक्रम मान्य केला आहे. सनदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे राणींचा खलिता होता असे म्हणण्यास आधार नाही. तशी आवश्यकताही नाही. अर्थ बरोबर असला म्हणजे तो दुसऱ्या वाटेनेही सापडतो. झाशीला मात्र त्याचा उपयोग नव्हता. १८६१ मध्ये शहर व किल्ला शिंद्यांकडे दिले गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात ते पुन्हा इंग्रजांकडे आले. दामोदरराव इंदुरास राहिले आणि १९०६ मध्ये तेथेच वारले.

आज ‘वारस’ आणि ‘उत्तराधिकारी’ ह्यांतील सीमारेषा आपल्या भाषेत पुन्हा पुसट झाली आहे. १९५६ च्या कायद्याचे नाव शासकीय मराठीत ‘हिंदू उत्तराधिकार अधिनियम’ असे आहे. लोक त्यास ‘वारसा कायदा’ म्हणतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने दत्तकाचा प्रश्नही बांधेसूद केला, आणि दत्तकाची कन्या अथवा पुत्र हे सर्व अर्थांनी अपत्यच ठरले. तथापि जुना भेद नव्या वेषात पुढे येतच असतो. झाशीच्या रेल्वे कारखान्याच्या परिसरातील नगरा वस्तीत असो की परळच्या चाळीत, नोकरदार मनुष्य भविष्यनिर्वाह निधीच्या अथवा विम्याच्या फॉर्मवर एक ‘नॉमिनी’ लिहितो आणि आपण वारस नेमला असे समजतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तेव्हाच्या कायद्याप्रमाणे असे स्पष्ट केले होते की नॉमिनी हा केवळ पैसे हाती घेणारा होता. त्यावरचा हक्क तेव्हा वारसांचाच मानला गेला. नेमलेला आणि जन्मलेला, जागेवर येणारा आणि नात्याने येणारा, ह्यांतील अंतर कायदा विसरत नाही. विसरते ती बोलण्याची भाषा, आणि त्या विस्मरणाची किंमत पुढे कोणा विधवेला अथवा मुलाला द्यावी लागते.

भाषांतरकाराला ह्या इतिहासातून घेण्याजोगे ते एवढेच. जोडशब्द समोर आला म्हणजे त्यातला एक सोडून देण्याचा मोह होतो; तो शब्द पुनरुक्तीचा आहे असे आपण स्वतःस सांगतो. कित्येकदा ते खरेही असते. परंतु ते खरे आहे की नाही हे वाक्याकडे पाहून कळत नाही. त्या वाक्याखाली कोण उभे आहे, त्याचा समाज त्या शब्दांनी काय समजतो, हे पाहूनच कळते. १८१७ च्या अनामिक फारसी भाषांतरकाराने दोन शब्दांना दोन शब्द दिले. त्याने काही विशेष केले असे त्याला वाटलेही नसेल. त्याच्या ह्या सावधपणामुळेच सदतीस वर्षांनी एका राणीला आपली बाजू शब्दांत मांडता आली. ती मान्य झाली नाही. पण ती मांडली गेली, आणि कागदावर राहिली.